गाडीचं शेपूट आणि तांब्यातलं पाणी

काळजी हा माझा जुना आजार आहे. घरातनं निघताना कुलूप तीनदा ओढून बघतो, गॅस बंद केला का म्हणून फाट्यावरनं माघारी येतो, आणि गाडीत कुणी बाईमाणूस बसलेलं असलं की खड्डा दिसायच्या आधीच माझा पाय ब्रेकवर जातो. बायको म्हणते, "तुमच्यासंगं लातूरला जायचं म्हंजे बैलगाडीत बसल्यावाणी हाय, सकाळी निघा अन् संध्याकाळी पोचा." मी हसून सोडून देतो. हा आजार मला जन्मतः नव्हता. विशीत मी चांगला बेफिकीर, थोडा चढेलच पोरगा होतो. तो कसा सुधारला, की बिघडला, ते आता लिहून टाकतो. माझ्याशिवाय ते धड आठवणारी ताई तेवढी उरली आहे, आणि ती दर वेळी वेगळंच सांगते.

मुखेडला आमचं घर पिठाच्या गिरणीला लागून होतं. गिरणीचा पट्टा सकाळी सुरू झाला की आमच्या भिंतीवरची भांडी बारीक थरथरायची आणि आई म्हणायची, "उठा, भिंत उठली." वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते लाइनमन होते. खांबावर चढून आयुष्य काढलेला माणूस, बोलायला कमी, पण एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम असायचं: "दिसतं ते बघू न्हाई, धरतं ते बघावं." तार दिसायला सगळी सारखीच, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं, म्हणजे एकदाही ऐकलं नव्हतं. आबांची बहीण, माझी आत्या, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडं आलेली. घरातलं कुठलंही काम असो, तिथं आत्याचा हात आणि आत्याची जीभ दोन्ही असायचं. आणि एक ताई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तेव्हा नुकती किल्लारीला दिलेली.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला ताईला सातवा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आणि न्यायचं ते सातव्यात. आठव्यात पोटुशीला उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि नवव्यात एवढ्या लांबच्या रस्त्यानं कोण पाठवतंय? म्हणजे सातवा हुकला की सगळंच हुकलं. आबा सातवा लागताच भाड्याची जीप करून आणायला गेले होते, मी सोबत होतो. चहा झाला, फराळ झाला, आणि ताईच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "रस्ता लई खराब हाय हो, मग बघू." तेवढ्यात ओट्यावर टेकलेला त्यांचा कुणी भाऊबंद जीपकडं बघून हसला, "सून न्यायला आलेत का कडबा?" सगळे हसले. ताई दाराआड उभी होती. परतताना जीपमध्ये आबांनी सगळा रस्ता टोपी मांडीवर धरून ठेवली होती, डोक्यावर घातलीच नाही. माझ्या मात्र अंगाची लाही झाली. रस्त्याचं निमित्त आहे, खरी लाज आपल्या जीपची आहे, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

पंधरा दिवसांत आबांनी कुठनं तरी एक जुनी पांढरी चारचाकी घेतली. छोटीच, मागं काचेचं दार वर उचलायची डिक्की असलेली. सगळी गल्ली बघायला आली. गावातल्या मेस्त्रीनं मागचा भाग दोन्ही हातांनी दाबून बघितला. गाडी पाळण्यासारखी खालीवर होत राहिली. "मास्तर..." तो आबांना मास्तरच म्हणायचा, "मागचे दोन्ही शॉकअप मेलेत. इंजिन झकास हाय, पण मागं बसणाराचे हाल." आबांनी मला बोलावलं, हातात पैसे ठेवले आणि म्हणाले, "नांदेडला जा. नवीन जोडी टाकून घे. समोर उभं राहून टाक. ताई मागंच बसणार हाय." मी हाव म्हणालो. गाडी चालवत एकटा नांदेडला जायचं म्हणून मी नुसता तरंगत होतो.

आणि नांदेडला त्या दुकानाच्या काचेत मला ते दिसलं. स्पॉयलर. आता पोरासोरांना माहीत असतं, तेव्हा मुखेडात कुणी बघितलेलं नव्हतं. छताच्या मागच्या टोकाला, डिक्कीच्या दारावर बसवायचा फायबरचा पंख, शेपूट उचलल्यासारखा, मधोमध लाल दिवा. दुकानदारानं बाहेरच्या एका गाडीवर बसवलेलं दाखवलं. बाबो! साधीच गाडी, पण कशी एकदम नव्या मॉडेलची दिसून राहिली होती! माझ्या डोळ्यापुढं किल्लारीचा तो ओटा आला, कडबा म्हणणारा तो माणूस आला. त्या पैशात एकच काहीतरी येत होतं. मी स्वतःला सांगितलं, शॉकअप काय, दोन दिवस हळू चालवली की झालं. ताईला नीट घरी आणू, मग बदलू. अशी सोयीची बुद्धी माणसाला बरोबर चुकीच्या वेळी सुचते. घरी आल्यावर आबांनी विचारलं, "टाकले?" मी म्हणालो, "टाकले." आणि वर, "हे दुकानदारानं सवलतीत दिलं," असं म्हणून खोकं दाखवलं. आबांनी खोक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हात धुवायला गेले. माझा काळजीचा आजार त्या रात्रीपासनं सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात लिंबाखाली मी शेपूट बसवायला घेतलं. खोक्यात दोन बाजूंनी चिकटणारी जाड टेप होती, स्क्रू होते, इंग्रजीत एक कागद होता. आबांच्या गाडीला भोकं पाडायची माझी छाती नव्हती, म्हणून स्क्रू बाजूला ठेवले आणि काच चिकटवायच्या काळ्या गमची नळी आणली. रॉकेलच्या बोळ्यानं पत्रा पुसला. मध्य काढायला आत्याच्या वातीचा दोरा ताणला आणि कुंकवाचं बोट लावून खूण केली. आत्या एका टोकाला धरून उभी. "हे काय करून राहिलास रं? गाडीला शेपूट फुटलं व्हय?" "आत्या, हलू नको." "मी कशाला हलू, तूच थरथरायलास." टेपचा कागद एकदा ओढला की झालं, चिकटलं ते चिकटलं. शेपटाची पुढची कड आणि छत यांच्यात दोन बोटं फट राहत होती. मला ती फट बघवेना, नवरीच्या दातातल्या फटीसारखी. मी सगळं पुढं सरकवून छताला अगदी भिडवलं, वरनं हातानं दाबलं, गम भरला, साडीच्या काठांनी बांधून ठेवलं. कागदावर लिहिलं होतं, चोवीस तास डिक्की उघडायची नाही. म्हणून आईनं शिदोरी आधीच डिक्कीत ठेवली होती: पुरणाचे कानवले, शेंगदाण्याचे लाडू, धपाट्यांची चवड, सासूबाईंना लुगडं, सगळं टोपलीत घालून वर पांढरं फडकं. लांब उभं राहून मी गाडीकडं बघितलं. दिसायला तर लाखात एक.

पहाटेच मी आणि आत्या निघालो. सातवा संपायला तीन दिवस उरले होते. शिरूरच्या फाट्यापर्यंत मी शेपटाची काळजी केली, दर दहा मिनिटांनी उतरून दाबून बघितलं. चाकूरच्या पुढं रस्ता उखडलेला लागला, आणि मग मला दुसरीच काळजी लागली. प्रत्येक खड्ड्यात मागनं "धप" व्हायचं, गाडी एकदा खाली जायची आणि मग दोन-तीनदा उगीचच उड्या मारत राहायची. मागं बसलेली आत्या प्रत्येक वेळी "आगं माय" म्हणायची. औशाजवळ ती म्हणाली, "काय रं, नवीन शॉकअप असेच उडवतेत का?" मी म्हणालो, "नवीन हायेत म्हणून कडक हायेत." आत्या गप्प बसली. आत्या गप्प बसली म्हणजे तिला कळलं, एवढं मला कळलं.

किल्लारीला ताईचं घर भूकंपानंतरच्या नव्या गावठाणात, एकसारख्या घरांच्या रांगेत. मी मुद्दाम गाडी अशी उभी केली की मागची बाजू ओट्याकडं यावी. ओट्यावरची मंडळी उठून बघायला आली. एकजण शेपटावरनं हात फिरवून म्हणाला, "भारी हाय की!" क्षणभर माझी छाती फुगली. खिडकीत ताई दिसली, पोट केवढं मोठं झालेलं, चेहरा सुकलेला, पण डोळे गाडीवर आणि ओठांवर हसू. मग आत्या म्हणाली, "शिदोरी काढ." मी ऐटीत किल्ली फिरवली, दार वर उचललं, आणि चार बोटं वर येऊन ते "कट्" करून थांबलं. परत उचललं. कट्. शेपटाची कड छतावर टेकत होती. मी ती भिडवून बसवली होती ना! दार बंद असताना सगळं झकास, उघडायला जागाच ठेवली नव्हती. मागची सीट पाडून टोपली काढावी म्हटलं तर सीटची कळ गंजून बसलेली. चार बोटांच्या फटीतनं लाडवांचा वास येत होता आणि मी, ताईचा भाऊ, बहिणीच्या सासरी रिकाम्या हातांनी उभा. कुणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. त्या गावात असं मनात आणणंसुद्धा बरं नव्हे, हे मला नंतर सुचलं.

सासूबाई हसल्या नाहीत. उंच, वाळकी बाई, आवाज कायम खालचा. त्यांनी शेपटाकडं एकदाही बघितलं नाही. त्या आत गेल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावरचा पितळेचा तांब्या घेऊन आल्या, गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेला. तो तांब्या मी आधीही बघितला होता, प्यायचा असेल म्हणून सोडून दिलं होतं. भूकंपानंतर त्या बाईनं सवयच लावून घेतली होती, रात्रंदिवस एक भरलेला तांब्या नजरेसमोर ठेवायची. पाणी हललं की लेकरं उचलून बाहेर पळायचं. त्यांनी मागच्या सीटचं दार उघडलं, आत बसल्या, तांब्या पोटाशी धरला आणि म्हणाल्या, "लेकरा, कारखान्याच्या वळणापोतर जाऊन ये."

मी इतकी हळू गाडी कधी चालवली नव्हती. खड्डा चुकवायला गेलो की दुसऱ्यात जायचो. दर धपेला मागनं पाण्याचा "डुबुक" आवाज यायचा आणि माझ्या मानेवर घाम फुटायचा. आरशात बघायची हिंमत होईना. वळणावरनं माघारी येऊन दारात थांबलो, तर त्यांचं लुगडं मांडीपासनं पायापर्यंत ओलं. त्यांनी तांब्या माझ्यापुढं धरला. अर्ध्याच्या खाली पाणी.

"बघ," त्या म्हणाल्या. "निम्मं सांडलं. माझ्या सुनेच्या पोटात लेकरू पाण्यातच हाय, बाबा."

मला रडू फुटलं. विसाव्या वर्षी, ओट्यावरच्या सगळ्यांसमोर, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी ओट्याकडं पाठ केली आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. शॉकअपचे पैसे, शेपूट, आबांना मारलेली थाप, सगळं. कडब्याचं बोलणं किती लागलं होतं तेही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही जीपला नावं ठेवली न्हाई रं. रस्ता खराब हाय म्हणलं ते रस्त्यालाच म्हणलं. माझी धाकटी जाऊ असल्याच रस्त्यानं दवाखान्यात नेताना..." पदरानं हात पुसत उतरल्या. "लातूरला जा. नीट करून ये. उद्याच्याला सकाळी नेशील. अन् तुझ्या बापाला मी काही सांगणार न्हाई. त्यो तुझा जिम्मा." आत्यानं काही न विचारता कमरेची चंची सोडली आणि माझ्या मुठीत नोटा कोंबल्या. "आता तरी आपलं डोकं चालवू नकोस," एवढंच म्हणाली.

लातूरच्या गॅरेजात मेस्त्रीनं नवी जोडी काढली, गाडी जॅकवर घेतली आणि म्हणाला, "वरचा नट आतून हाय. डिक्की उघड." मी म्हणालो, "उघडत न्हाई." त्यानं शेपटाकडं बघितलं आणि पोट धरून हसला. "हे कोणत्या शहाण्यानं बसवलं?" शहाणा समोरच उभा होता. तो दोरा घालून गम कापतो म्हणाला, अर्धा तास लागेल. माझ्यात तेवढा दम नव्हता. मी दोन्ही हातांनी शेपूट धरलं, पाय बंपरला लावला आणि ओढलं. कडकन आवाज झाला, दोन तुकडे झाले, आणि सोबत दोन ठिकाणी पांढरा रंगही निघाला. ते डाग गाडी विकेपर्यंत राहिले. डिक्की अल्लद वर गेली. मेस्त्रीनं नट सोडवायला टोपली सरकवली, तर मी त्याला म्हणालो, "एक लाडू घ्या." त्यानं दोन घेतले. या वेळी मी समोर उभा राहून एकेक नट घट्ट होताना बघितला, दोनदा हात लावून बघितला. तिसऱ्यांदा लावायला गेलो तर म्हणाला, "जाय आता, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ताईची ओटी भरली, तिच्या गालावरनं बोटं मोडली आणि तोच तांब्या भरून तिच्या हातात दिला. मला म्हणाल्या, "पोचल्यावर बापाला दाव." झालं! आदल्या दिवशी मला वाटलं होतं की सुटलो. आता मुखेडापर्यंत तो तांब्या. ताई मागं बसली, शेजारी आत्या. औसा येईपर्यंत ताई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "ते शेपूट कुठं गेलं रं?" "मोडलं." "कामून? मला लई आवडलं होतं. आमच्या जाऊबाई खिडकीतनं सरकतच नव्हत्या." आणि ती हसली, माहेरच्या घरात हसायची तशी. त्या दोन तुकड्यांतला एक आमच्या मागच्या पडवीत कितीतरी वर्षं पडून होता. आत्याची कोंबडी त्यात खुडूक बसायची.

लातूर गेलं, चाकूर गेलं. गाडी आता नुसती डुलत होती, उडत नव्हती. तरी मी मिनिटा-मिनिटाला विचारायचो, "सांडलं का?" ताई म्हणायची, "न्हाई रं, समोर बघ." शिरूरच्या फाट्यापुढं तिला झोप लागली. तांब्या पदराखाली गेला, आरशात दिसेना. आत्याही पेंगत होती, आणि उठवायला जीव होईना. तेवढ्यात, एका बैलगाडीला वाट देताना, मागचं चाक खोल खड्ड्यात गेलं. एकच धक्का, पण दणदणीत. ताई झोपेत "हं" म्हणाली आणि परत झोपली. मी आवाज ऐकला का? पाण्याचा? ऐकल्यासारखं वाटलं. तिथनं मुखेडापर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पाणी सांडलं असेल. शॉकअप चुकीचे बसले असतील. ताईला काही झालं तर?

गाडी दारात थांबली. गिरणी बंद होती, दुपारच्या सामसुमीत आई भाकर-तुकडा ओवाळायला पळत आली. आबा पायरीवर उभे होते. ताई जपून उतरली, आणि आईनं तिच्या हातातला तांब्या घेतला तर तो सहज उलटा झाला. थेंबसुद्धा पडला नाही. रिकामा. अगदी कोरडा.

"आबा," मी म्हणालो, आणि मग थांबता येईना, "मी शॉकअप टाकले नव्हते. त्या पैशात शेपूट आणलं. तुमच्याशी खोटं बोललो. काल लातूरला टाकले, आत्याच्या पैशानं, पण ते नीट बसले न्हाईत, सगळं पाणी सांडलं, ताईला आधी दवाखान्यात न्या, आधी दवाखान्यात..."

आईच्या हातात भाकर-तुकडा तसाच. मग ताईला हसू आवरेना. पोटाला हात धरून ती हसत होती. "आरं खुळ्या! चाकूरला तहान लागली, मी प्याले ते पाणी! गटागटा प्याले सगळं. तू घाबरशील म्हणून बोलले न्हाई."

"मी बघितलं की," आत्या म्हणाली. "थेंब सांडला न्हाई."

म्हणजे काही कबूल करायची गरजच नव्हती. सगळं बाहेर पडून गेलं होतं, आणि आता ते परत आत घालता येत नव्हतं. मी मान खाली घालून मागच्या चाकापाशी उभा राहिलो. आबा पायरीवरनं खाली उतरले. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि खरं सांगतो, बसली असती तर बरं वाटलं असतं. ते वाकले, चाकाच्या वर हात घालून नव्या शॉकअपला चाचपलं, गाडीचा मागचा भाग दाबून बघितला. गाडी एकदाच खाली गेली आणि जागेवर थांबली.

मग त्यांनी आईच्या हातातनं तांब्या घेतला, रांजणातनं काठोकाठ भरला, आणि माझ्यापुढं धरला. माझे हात इतके थरथरत होते की निम्मं पाणी माझ्याच अंगावर सांडलं.

"पी," आबा म्हणाले. "लई लांबनं आलास."